चाचांचा टेकू

कुठंही बसण्याआधी चाचा ती वस्तू दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे. खुर्ची, बाज, एस.टी.च्या थांब्यावरचा बाक. एकदा तर लग्नाचा स्टेज हलवला, नवरानवरी वर बसलेली असताना! "हालून राह्यला," एवढं बोलून ते मंडपवाल्याकडे असं पाहत राहिले की तो बिचारा विटा शोधायला पळाला. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. कामरगावातला हा नमुना माझ्या शेजारीच होता. माझं शिलाईचं दुकान, त्यांचं धार लावायचं.

माझ्या कात्र्या, हॉटेलातल्या सुऱ्या वर्षभर यायच्याच, पण खरी धमाल सोयाबीनच्या सोंगणीआधी, म्हणजे कापणीच्या तोंडावर. बायकांच्या टोळ्या विळ्यांची गाठोडी घेऊन यायच्या, ठिणग्या उडायच्या आणि चाचा नुसते खुलायचे.

मग एका वर्षी त्यांचा हातच थरथरायला लागला. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, थरथर काही जाईना. मशीनच्या दगडासमोर हत्यार टेकवायला जो टेकू असतो, तो होता पातळ पत्र्याचा. हाताबरोबर तोही नाचायचा आणि विळ्याला धारेऐवजी दाते पडायचे. टोळीची पुढारीण शोभाबाई तोंडावर सांगून गेली, "चाचा, राग नका मानू. तुमच्या विळ्यानं सोयाबीन कटत नाही, उपटते."

तिनं विळे कारंज्याच्या धारवाल्याकडे धाडले. तिच्यामागं बाकीच्या टोळ्याही गेल्या. चाचा बंद मशीनसमोर चार दिवस बसून राहिले. मला ते पाहवत नव्हतं.

पाचव्या दिवशी ते मोडक्या ट्रॉलीचं जाडजूड लोखंड खांद्यावर घेऊन आले. "टेलर, हात तं आता थांबत नाही. मंग हाताखालचं थांबवू."

तीन दिवस नुसती ठोकाठोक. लोखंडात लांब खाच पाडली, म्हणजे बोल्ट सैल केला की टेकू दगडाकडे सरकवता येईल. वरची पट्टीही हवी तशी तिरपी करून कसता यायची. दगड आणि पट्टीत नाणं जेमतेम शिरेल एवढीच फट.

"एवढं जाड कायले, चाचा? विळा टेकवाचा हाय का हत्ती?"

"तुमी चढसान तवा समजीन!"

माझं वजन क्विंटलाच्या आसपास, हे साऱ्या गावाला ठाऊक. पाहता पाहता चौक गोळा झाला. कुणीतरी स्टूल आणलं. गळ्यात मोजपट्टी तशीच, आणि मी चढलो की हो टेकूवर!

"हालते का?"

"नाही, चाचा!"

"नाचा थोडं!"

मी नाचलो. टेकू तसूभर हलला नाही. ज्यावर हे सारं बसवलं होतं ते टेबल मात्र मशीन, टेकू आणि मला घेऊन शेजारच्या कांद्याच्या पोत्यांवर आडवं झालं. साऱ्या गावाचं हलवून पाहणाऱ्या माणसानं स्वतःचं टेबल कधी हलवून पाहिलंच नव्हतं! एका पायाखाली वीट होती, तीही त्यांनीच ठेवलेली. मी कांद्यांत लोळतोय आणि चाचा माझ्याकडे न बघता टेकू चाचपताहेत. "पाहा, पाहा! टेकू नाही हालला!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत टेबलाचे चारही पाय सिमेंटमध्ये गाडले गेले.

ही गंमत ऐकून दोन दिवसांनी शोभाबाई आली. तिनं एक जुनाट विळा पुढं केला. "हा बिघडला तरी चालते."

चाचांनी मनगट टेकूवर ठेवलं. बोटं थरथरत होती, पण पातं पट्टीवर बसलं आणि ठिणग्यांची एकसारखी धार सुटली. शोभाबाईनं नखावर विळा घासून पाहिला, पदर खोचला आणि निघून गेली. चाचांचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, गेली ही.

चाचा जाऊन आता दोन सोंगण्या झाल्या. मला ते दिसतात ते त्या दिवशी शोभाबाई निघून गेल्यावरच्या अर्ध्या तासात, मशीनच्या बटणावर बोट ठेवून तसेच उभे. आणि मग शोभाबाई डोक्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन परत आली, मागं आणखी दोघीजणी तशाच. तिन्ही गाठोडी खणखणत खाली आली.

"उद्या सोंगणी हाय. होतात का सारे?"

चाचा खाली बसून पहिल्या गाठोड्याची गाठ सोडायला लागलेसुद्धा.

"होतात, बाई," मीच म्हणालो. "सारे होतात."