वारा नाही, असं मला सांगितलं

मंडळी, मी इथे सहसा लिहीत नाही. आज लिहिते.

धाकटा भाऊ गेल्यावर त्याचा मित्र राजू म्हणाला होता, "ताई, शर्यतीच्या होडीत आता त्याच्या जागी तुम्ही." आठ महिने दर रविवारी विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर शीड सांभाळायला शिकले. आज आमची पहिली शर्यत होती.

सकाळी राजूचा फोन आला. "वारंच न्हाई ताई. शर्यत रद्द झाली, येऊ नका."

तासाभराने गच्चीवरची चादर उडून शेजाऱ्यांकडे गेली. मी रिक्षा करून धरणावर पोचले. शर्यत नुकतीच संपली होती. आमच्या होडीतून राजू आणि एक धिप्पाड माणूस उतरत होते.

"वारं लई हाय ताई, होडी कलंडू नये म्हणून वजन लागतं, तुमचं कमी पडलं असतं. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून..."

"आता लई बरं वाटून राहिलंय," एवढंच मी म्हणाले.

तोंडावर सांगितलं असतं, तर काठावरून टाळ्या वाजवल्या असत्या.

होडी वळताना शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन जातो. राजू "वाका" म्हणाला, की मी वर न बघता वाकायचे. यापुढे मी आधी वर बघेन, आणि तेवढ्यात दांडा लागेल.

तुम्ही त्याच्याबरोबर पुन्हा बसला असता का?