खंदक कोणी खणला?

"चव घ्या, मग बोला!" म्हणत आमचे शेजारी कपात काहीतरी काळंकुट्ट ओतायचे. सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये ज्याने ही कॉफी एकदा प्यायली, त्याने पुढच्या वेळी मुकाट्याने चहा मागितला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी दक्षिणेकडच्या सैनिकांना खरी कॉफी मिळेना, तेव्हा ते रताळी भाजून कॉफी करत; तीच ही. हे आमचे शेजारी बँकेत अकाउंटंट. पण जीव सगळा त्या उपाशी, अनवाणी सैनिकांत. एकादशीला आणलेली रताळी कढईत काळी झालेली दिसली की वहिनी कपाळाला हात लावायच्या.

त्या सैनिकांच्या खंदकाचं मॉडेल ते वर्षभर करत होते. बोटाच्या पेराएवढी माणसं. एक मका भाजतोय, एक सदऱ्यातल्या उवा मारतोय, एक पायाला चिंध्या गुंडाळतोय. "याला घरून पत्र आलंय. आता हा पळेल की राहील, सांगा!" असं ते विचारायचे, तेव्हा तुमचीही छाती धडधडली असती. पाया लेबारच्या मॉलमध्ये मॉडेलांची स्पर्धा होती आणि पहिलं बक्षीस त्यांना हवंच होतं. लपवायचेही नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी मदतीला गेलो. त्यांची लेक टोस्ट खात वाकून बघत होती.

"पपा, एवढा मोठा ट्रेंच डिग कोणी केला?"

"अगं, गुलामांनी. सक्तीने आणून..." ते थबकले.

"देन ते कुठे आहेत? वॉर तर त्यांच्यावरूनच होतं, लाह!" तिने सिंगापुरी हेल काढला.

मला वाटलं, आता चिडणार. ते ताडकन उठले. "अरे देवा! बटणंसुद्धा बरोबर लावली मी, आणि ही माणसंच विसरलो!"

मग काय विचारता! न रंगवलेले दोन सैनिक घेतले, बंदुका कापल्या, एकाला पुट्टीचा झगा चढवून बाई केली. खंदकाची मागची भिंत चाकूने फोडून वाट काढली. मी ओरडलो, "अहो, बक्षीस!"

"बक्षीस राहू द्या, ब्रश द्या!"

एमआरटीच्या डब्यात ओला रंग सांभाळत मी घामाघूम, आणि ते वऱ्हाडात निघाल्यासारखे खूश.

परीक्षकाने भिंतीला बोट लावलं, बोटावरचा रंग पाहिला आणि मान हलवली. बक्षीस गेलं. पण संध्याकाळपर्यंत लोक त्या फुटक्या भिंतीपाशीच वाकत होते. फावडं टाकून, सुटकेसाठी उत्तरेच्या फौजेकडे निघालेला एक माणूस, आणि त्याच्या पुढे ती बाई. मला आमच्या शेजाऱ्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे त्यांची नोकरी सुटली, तिथे राहायचा पास गेला, ते पुण्याला परतायला निघाले. सैनिक त्यांनी ब्लॉकमधल्या मुलांना वाटून टाकले. विमानतळावर मी विचारलं, "आणि ती दोघं?"

त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "त्यांना सामानात कसं टाकू हो?"