सुनंदाचं पिळाचं हेझल

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, साउथहॅम्प्टनला तिच्याकडेच निघालेले. पुढच्या स्टॉपला उतरले आणि बाकावर बसून राहिले. महिना होत आला. रडू अजून नीट आलेलं नाही... रागच जास्त आहे.

आम्ही दोघी नागपूरच्या. डॉक्टर म्हणून इथे इंग्लंडात एकाच हॉस्पिटलात लागलो. नवरा वारल्यावर सुनंदानं किचनच्या खिडकीसमोर ते हेझलचं झाड लावलं. त्याची एक फांदी सरळ असेल तर शपथ! सगळ्या पिळवटलेल्या, वेटोळ्या. "हे काय आणलंस गं?" मी विचारलं. "पानं गळू देत, मग बघ," ती म्हणाली. हिवाळ्यात ते उघडं पडलं आणि मी बघतच राहिले. पुढे फेब्रुवारीत त्यावर पिवळे तुरे लोंबायला लागले. झाड कलमी, खाली साधं हेझल, वर हे वाकडं. बुंध्यातून सरळसोट फुटवे यायचे. ते वाढू दिले तर वरचं झाड मरतं, म्हणून दर वर्षी ती जमिनीवर बसून ते उपटायची, गुडघे कामातून गेले तरी.

गेल्या उन्हाळ्यात ती बरेच आठवडे हॉस्पिटलात होती. तिचा इथेच वाढलेला मुलगा निखिल लंडनहून, ईलिंगहून आला आणि आईला सरप्राइज म्हणून गार्डन साफ करून गेला. तिला घरी आणलं तेव्हा मी सोबत होते.

"आई, तुझी झाड आजारी होता, ऑल ट्विस्टेड! मी ते सगळा कापला. बघ, नवीन किती स्ट्रेट येतंय!"

सुनंदा खिडकीतून बघत राहिली. "दमला असशील. चहा घे," एवढंच म्हणाली. तो आत गेल्यावर मी संतापले, तर तिनं माझा हात धरला. "त्याला सांगू नकोस. प्रेमानं केलंय त्यानं." मग म्हणाली, "इतकी वर्षं याच खिडकीशी बसून जेवला गं... एकदाही पाहिलं नाही." त्यानंतर ती खिडकीकडे पाठ करून बसायची.

अंत्यसंस्कारानंतर निखिलनं डोळे पुसत विचारलं, "मावशी, आईची आवडता झाड कुठला? मी माझ्या घरी लावणार." मी तिला शब्द दिला होता. "हेझल," म्हणाले.

परवा त्यानं फोटो पाठवला. लॉनच्या मधोमध एक कोवळं, साधं हेझल. वाकडं वाढू नये म्हणून काठीला घट्ट बांधलेलं.