विलासिनीच्या डोक्यातलं तेल

त्रिशूरच्या एका मोठ्या कापडदुकानात विलासिनी नवरीच्या साड्या दाखवायची. साडी खांद्यावर टाकून ती वळली की गिऱ्हाईक निम्मं राजी व्हायचं. पण सकाळी न्हाऊन आली तरी दुपारपर्यंत तिचं डोकं तेलकट व्हायचं; भांग चकाकायचा, बटा कपाळाला चिकटायच्या. खरं तर खोबरेलाला तिनं कित्येक वर्षांत बोट लावलं नव्हतं.

"थापा मारू नकोस," विभाग सांभाळणारी ग्रेसी म्हणायची, "घाणा काय आपोआप चालतो डोक्यात?" पोरी फिदीफिदी हसायच्या. विलासिनीही हसायची.

घरी सासूचं उलटंच. "तेल सोडलंस ना, म्हणून डोकं कोपलंय."

विलासिनीनं जास्वंदीचा पाला चोळला, लिंबू पिळलं, शेवटी कपड्यांचा साबणही लावला. कढत पाणी घेऊन नखांनी खरवडलं. टाळू लालबुंद झाली, केसांचे पुंजके हातात आले. तेल तसंच.

ओणमच्या सणाच्या गर्दीत एका नवरीची आई समोर बसली होती. विलासिनी पदर दाखवायला वळली, वेणी फिरली आणि सायीच्या रंगाच्या रेशमावर तेलकट डाग उमटला.

"अगंबाई! हीच साडी आमच्या मुलीला देणार होता?" बाई उठूनच गेली.

संध्याकाळी ग्रेसीनं तिला बाजूला घेतलं. "उद्यापासून गोदामात. घड्या घालायच्या."

"ताई, देवाशपथ, मी तेल लावत नाही हो."

"ते तर आणखी वाईट. लावत असतीस तर सोडता तरी आलं असतं."

मग ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला सारून टाळू पाहिली. "हे तेल कातडीतूनच येतं. तुमच्यात जरा जास्त. आईचंही असंच होतं?"

"हो."

"मग दोष कुणाचा नाही. सौम्य शाम्पू, कोमट पाणी, बोटांनी हलकेच चोळायचं. खरवडणं बंद."

"आणि तेल कधी बंद होईल?"

"बंद नाही होणार. वय झालं की कमी होईल."

तिनं सांगितलं तसं केलं. टाळूची आग थांबली, केस संध्याकाळपर्यंत मोकळे राहू लागले. ती ग्रेसीपुढे जाऊन उभी राहिली.

"बरं दिसतंय गं," ग्रेसी म्हणाली, "पण तुझ्या जागी नवी मुलगी घेतली."

गोदामात तिचं डोकं बघणारं कुणी नव्हतं. पुढे तिनं शाम्पू आणणंच सोडलं. डोक्याला फडकं बांधून ती घड्या घालायची, आणि भिंतीपलीकडे नवी मुलगी गिऱ्हाइकांशी गोड बोलत असायची.