बेल वाजवणारे गृहस्थ

“घाई नाही, वहिनी. आधी तपासून घेऊ.”

हे वाक्य ते कशालाही म्हणत. दुधाच्या कॅनवरची तारीख असो, आमच्या छताची गळती असो, नाहीतर कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न असो. म्हणताना गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि अंगठा तर्जनीवर घासायचे, जणू वस्तूचा कस त्यांच्या बोटांनाच कळणार होता. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी ते वीसेक वर्षं राहिले. पुण्याला असताना कारखान्यात पंप तपासले, इथे येऊन औषधांच्या कंपनीत यंत्रं तपासली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही तेव्हा माझ्या परसातली मेथी तपासू लागले. असा एखादा गृहस्थ तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला हसतो आणि गाडी घेताना पहिला फोन त्यालाच करतो.

मी त्यांना भावोजी म्हणायची. हे सगळं घडलं तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आता सत्तरीतून त्या पोरीकडे बघते तर वाटतं, केस पांढरे झाले म्हणून हिला कुणी शहाणी कसं समजलं?

एका दुपारी भावोजी कुणाला तरी स्टेशनवर सोडायला गेले होते. दाराशी दोन माणसं पार्सल घेऊन आली. सुमनने, म्हणजे भावोजींच्या बायकोने, दार उघडलं आणि उन्हातून आलेत म्हणून पाणी विचारलं. त्यांनी तिला बाथरूममध्ये कोंडलं आणि कपाटातलं सोनं नेलं. आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं हे आता सगळ्या चोरांना पाठ झालंय. गळ्यातलं मंगळसूत्रही नेलं. भावोजी परत आले तेव्हा ती टबच्या काठावर हात मांडीवर ठेवून बसली होती.

“अहो, ते पार्सलवाले गेले का? त्यांना पाणी द्यायचं राहिलं,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर सुमन विसरू लागली. खरं सांगायचं तर आधीपासूनच विसरत होती. चहात मीठ पडत होतं, नळ वाहत राहत होता, मला एकदा तिने माझ्या सासूच्या नावाने हाक मारली होती. (तेव्हा मी रागावले होते. सासूच्या नावाने!) डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव भावोजींनी कधी तोंडातून काढलं नाही.

“भीतीने झालंय हे, वहिनी,” ते कुंपणाशी उभे राहून सांगायचे. “हिच्या हातात स्वतःला वाचवायचं साधन दिलं, की भीती जाईल. भीती गेली की सगळं परत येईल.”

“आणि साधन कुठलं?”

“पिस्तूल.”

मी हसले. ते हसले नाहीत. खिशातून छोटी वही काढली. मधोमध रेघ, गोळ्यांच्या दोन मापांचे दोन रकाने. डावीकडे ‘थ्री-एटी’, उजवीकडे ‘नाइन एमएम’.

पुढचे कित्येक महिने आमच्या कुंपणावर दुसरा विषय नव्हता. थ्री-एटीची गोळी आखूड, हाताला झटका कमी, पण जोरही कमी. नाइन एमएमची लांब, जोर जास्त, गोळ्या सगळीकडे मिळतात. मग एक दिवस ते धावतच आले. “गंमत बघा, वहिनी! पिस्तूल हलकं असेल तर थ्री-एटीसुद्धा हाताला जोरात बसते. जड असेल तर नाइन एमएम सोसते. म्हणजे नुसती गोळी तपासून भागणार नाही!” इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर चोरीनंतर पहिल्यांदाच पाहिला. लगेच तो मावळला. “पण हिला कुठली जमेल?”

“भावोजी, लहान घ्या. पर्समध्ये मावेल,” मी सांगितलं. अंगठी निवडून द्यावी तसा माझा सल्ला. शिवाय विचारलं, रंग फक्त काळाच येतो का? त्यांनी गंभीरपणे वहीत पाहिलं आणि म्हणाले, “रंगाचा रकाना नाही केलेला.”

नेमबाजीच्या रेंजवर जाऊन त्यांनी दोन्ही पिस्तुलं भाड्याने घेऊन चालवली. भोकं पडलेले माणसाच्या आकृतीचे दोन कागद आणून माझ्या ओट्यावर पसरले. “कुठला बरा वाटतो?”

“मला तर दोन्ही चोर मेलेले दिसतात.”

“हो, पण ते माझ्या हातून,” ते म्हणाले. “मी घरात नसेन तेव्हाचं काय?” आणि हात छातीवर गेला, जिथे बायपासचा व्रण होता.

पिस्तुलाचा वरचा भाग जोर लावून मागे खेचावा लागतो. सुमनची बोटं संधिवाताने वाकलेली. तिला किती जोर लावता येतो हे मोजायला भावोजींनी काय काढलं असेल? आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो तो, भारतात जाताना बॅगांचं वजन करायचा हुकाचा काटा. तो त्यांनी ड्रॉवरच्या मुठीला अडकवला.

“ओढ, सुमन. अजून ओढ.”

“अहो, किती बॅगा आहेत? कधी निघायचंय?”

भावोजींनी काटा नीट धरला. “पुढच्या आठवड्यात. पुण्याला.”

तिने दातओठ खाऊन ओढलं. “आईंसाठी साबण ठेवा हं, चांगल्या वासाचे.” भावोजींच्या आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्यांनी काट्यावरचा आकडा वहीत दोन्ही रकान्यांत नीट लिहिला. चष्म्याची काच मात्र दोनदा पुसावी लागली.

आता माझा पराक्रम ऐका.

आमच्या न्यू जर्सीत पिस्तुलाचा परवाना मागताना नातेवाईक नसलेल्या दोघांनी तुमची ग्वाही द्यावी लागते. त्यांनी माझं नाव दिलं. पोलिसांकडून प्रश्न आले. किती वर्षं ओळखता? दारू पितात का? तापट आहेत का? मी असली उत्तरं आयुष्यभर देत आले होते. लग्न जुळवताना लोक मलाच फोन करायचे आणि मी ठोकून द्यायची, मुलगा सोन्यासारखा, घराणं उत्तम. इथेही तशीच सुटले. शेवटी प्रश्न होता, त्या घरात पिस्तूल असू नये असं काही कारण तुम्हाला माहीत आहे का?

माहीत होतं. मिठाचा चहा माहीत होता, वाहता नळ माहीत होता. पण शेजारच्या घरातलं असलं काही कधी कुणी लिहून देतं का? सुमनची बदनामी झाली असती. मी लिहिलं, नाही. उलट पुढे जोडलं की अत्यंत सुसंस्कृत जोडपं आहे. पोलिसांना काय करायचं होतं त्या सुसंस्कृतचं?

परवाना आला. पिस्तूल विकत घ्यायला तीन महिन्यांची मुदत होती. भावोजींना अजून ठरवता येत नव्हतं. एका सकाळी आले ते निळं प्लास्टिकचं पिस्तूल घेऊन. सरावाचं, चाप हलणारं पण आत काही नसलेलं. महिनाभर सुमनला ते त्यावरच शिकवत होते.

“वहिनी, आज शेवटची तपासणी. तुम्ही चोर व्हा.”

मी तयारच! आमच्या ह्यांची माकडटोपी चढवली, काळा कोट घातला आणि गॅरेजच्या दाराने आत शिरले. हातात काही हवं म्हणून लाटणं घेतलं होतं. एकसष्टाव्या वर्षी इतकी हौस! सुमन सोफ्यावर बसली होती, ते निळं पिस्तूल मांडीवर, पोथी ठेवावी तसं. मी घोगऱ्या आवाजात “हँड्स अप!” ओरडले.

“अगं, टोपी काढ ती, उकडेल,” ती म्हणाली. “आणि लाटणं आणलंस ते बरं केलंस. पोळ्या व्हायच्यात अजून.”

मी हसून हसून सोफ्यावर बसले. तीही हसत होती. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि भावोजी टपाल घेऊन आत आले.

सुमन उठली. दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं, पाय फाकवले, कोपर सरळ. महिनाभर शिकवलेलं सगळं तिच्या अंगात उतरलं होतं. ज्या बोटांना चहाचा कप धरवत नव्हता ती एवढीशीसुद्धा हलत नव्हती.

“कोण तुम्ही?”

“सुमन…”

“नाव घेऊ नका माझं. माझे मिस्टर आत झोपलेत. हाक मारली तर सोडायचे नाहीत तुम्हाला.”

आणि तिने चाप ओढला. निळ्या प्लास्टिकचा बारीक आवाज झाला. टक्. माझ्या डोक्यात माझीच अक्षरं उभी राहिली. अत्यंत सुसंस्कृत जोडपं.

भावोजींनी हात वर केले. एका हातात टपाल तसंच होतं.  मग एकदम अदबीने म्हणाले, “माफ करा हं. मी त्यांच्या ओळखीचा आहे. ते उठले की येईन.” आणि पाठ न वळवता मागे मागे जात बाहेर पडले.

मी धावत त्यांच्यामागे गेले. ते पायरीवर बसले होते. “पोलिसांना कळवते मी,” मी म्हटलं, “मी खोटं लिहिलंय, भावोजी.”

“मीपण,” ते म्हणाले. मग वही काढली. शेवटची ओळ होती, ‘हिला जमेल का?’ आतापर्यंत कोरीच होती. त्यांनी डाव्या रकान्यात लिहिलं, हो. उजव्या रकान्यात लिहिलं, हो. वही मिटली, आणि हा माणूस, ज्याला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, गुडघ्यात तोंड घालून लहान मुलासारखा मोठमोठ्याने रडला. समोर एक बाई कुत्रा फिरवत होती, ती थांबली आणि रस्ता ओलांडून गेली. मी माकडटोपी घालून शेजारी बसले होते.

परवाना त्यांनी परत केला. दाराला कॅमेरा लावला, कुलपं बदलली, दुपारी एक बाई सोबतीला ठेवली. तरी भीती गेली नाही. फक्त आता चोराची उरली नव्हती.

त्या दिवसापासून ते आपल्याच घराची बेल वाजवू लागले. खिशात किल्ली असायची. तरी सामान खाली ठेवायचे, हात दिसतील असे पुढे धरायचे आणि थांबायचे. बर्फ पडत असला तरी थांबायचे. माझ्या खिडकीतून दिसायचं. कधी दार उघडून ती म्हणायची, “अहो, किल्ली विसरलात का?” तेव्हा ते जवळजवळ उडी मारूनच आत जात. हळूहळू ते दिवस कमी झाले. मग ती म्हणू लागली, “या ना, बसा. आमचे हे येतीलच इतक्यात.” ते बूट काढून पाहुण्याच्या खुर्चीवर बसायचे. ती चहा करायची, सोबतीची बाई मीठ-साखर बघायची.

“घाई नाही,” ते तिला सांगायचे. “मी थांबतो.”

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्याच्या आरंभी त्यांचं हृदय हॉस्पिटलमध्ये थांबलं. त्यांची मुलगी दूर सांता क्लाराहून आली, सुमनला न्यायला. निघायच्या दिवशी बॅगा दाराशी उभ्या होत्या आणि हुकाचा काटा वरच पडला होता. मुलगी गाडीत सामान ठेवत होती. सुमनने माझा हात धरला आणि बंद दाराकडे बघत राहिली.

“अगं, ते बेल वाजवणारे गृहस्थ हल्ली येत नाहीत. कुठे गेले गं?”

मी दुसऱ्या हाताने काटा बॅगेच्या खिशात सरकवला.

“रोज यायचे. बसायचे. पण ह्यांची भेट काही झाली नाही त्यांच्याशी.” मग माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, “तू ओळखायचीस का त्यांना? घरात घेत होते मी रोज. माणूस कसा होता?”

“ओळखत होते, सुमन,” मी म्हटलं. “वीस वर्षं. चांगला माणूस होता.”