राबाचा पाचोळा

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि माझं लग्न झालं. माहेर कुंडलचं, उसाच्या रानातलं. दिलं मात्र पाटणच्या वरच्या डोंगरात. मालक पलटणीत. रजा संपली आणि ते गेले. घरात उरलो मी आणि सासूबाई. त्या दिवसभरात जेमतेम चार शब्द बोलत, तेही कामाचे. माणसाच्या आवाजाची एवढी भूक मला पुढे कधीच लागली नाही.

घरामागे करवंदीची जाळी होती. तिथे एक पाखरू असे. चिमणीएवढं, मातकट रंगाचं, गळा पांढरा. नाव मला आजही ठाऊक नाही. झाडावर मिरवणं त्याच्या गावीही नव्हतं. खाली जाळीत पाचोळा उलटून किडे टिपायचं आणि मधूनच तीन-चार सुरांची शीळ घालायचं. भांडी घासता घासता मी त्याला घरची गाऱ्हाणी सांगे. आता हसू येतं, पण तेव्हा तेवढाच आधार होता.

वैशाखात राब भाजायचा असतो. नाचणीचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या वाफ्यावर शेण, डहाळ्या, पाचोळा पसरून जाळतात. माहेरी उसाचं पाचट जाळत, तेवढंच माझं ज्ञान. सासूबाईंनी मला जाळीतला पाचोळा ओढून आणायला धाडलं. दाताळं घातलं तोच पाखरू बाहेर पडलं आणि उडायचं सोडून उंदरासारखं भुईवरून पळालं. बघते तर पानांचा एक गोळा, त्याला बाजूने भोक आणि आत अंडी. मी पानं होती तशी सारली आणि अर्धीच पाटी घेऊन परत आले.

राब अपुरा पडला. वाफ्याचं एक टोक उघडंच राहिलं. सासूबाई भडकल्या.

"उघड्या भुईत काय उगवायचं? तण? मग वरीसभर खायाचं काय? कुंडलच्या लेकीला कामाचा लय कट्टाळा हाय!"

माझाही पारा चढला. "आवं आत्याबाई, कट्टाळा न्हाई. तिथं पाखराचं घरटं हाय. ते गेलं तर मी बोलू कुणाशी?" एवढं म्हणून मी रडायलाच लागले.

त्या जाळीकडे गेल्या. वाकून पाहिलं. मग कोयता घेऊन वर ऐनाच्या झाडांकडे गेल्या आणि वाळक्या डहाळ्यांची मोळी घेऊन आल्या. उघडं टोक त्यांनी स्वतःच झाकलं आणि राब पेटवला. धूर डोळ्यांत जात होता, तरी दोघी तिथंच उभ्या राहिलो.

"मी हाय की घरात," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "लेक पलटणीत गेल्यापास्नं माझ्याशी तरी कोण बोलतंय?"

आजवर साठलेलं सगळं मी पाखराला सांगून बसले होते, आणि त्यातली निम्मी गाऱ्हाणी त्यांच्याचबद्दल होती.