शेवयांच्या मशीनवर छापलेली माय

मंजुश्रीला धाड गावात कोणी चित्रकार मानत नव्हतं, आणि तीही गावाला खिजगणतीत धरत नव्हती. नागपूरच्या कॉलेजात ती ठसे कोरून चित्रं छापायला शिकली होती. तिथे माणसाच्या उंचीचं छापयंत्र होतं. शिक्षण संपलं, यंत्र तिथेच राहिलं आणि ही घरी आली. दुसरी एखादी ब्रश घेऊन फुलंपानं रंगवत बसली असती. ही हट्टाला पेटली.

घरात शेवयांचं मशीन होतं. तिची माय तानाबाई उन्हाळ्यात त्यावर गल्लीला शेवया करून द्यायची. दांडा फिरवला की दोन रुळांमधून कणकेची पट्टी सरकायची. मंजुश्रीनं कणकेच्या जागी फरशीवर अंथरायच्या व्हायनिलचा कोरलेला तुकडा घातला, वर कागद, त्यावर जुन्या ब्लँकेटची पट्टी. शाई चिखलीच्या लग्नपत्रिकावाल्याकडून आणली. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं ठसा सरळ धरून सोडायचा. एकटीचं ते काम नव्हतंच. दांडा तानाबाईनं धरला. दिवसभर रोजानं कांदे काढून यायची आणि हात धुऊन मशीनला लागायची.

पुण्याच्या प्रदर्शनासाठी पोरीनं मायचाच चेहरा कोरायला घेतला. तानाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. लुगडं कोरलंच नाही. कोरल्या त्या सुरकुत्या, पडलेला दात, डोळ्यांखालच्या पिशव्या. काहीच सोडलं नाही.

“मले एवढी म्हातारी काऊन केलीस वं?”

“दिसतेस तशीच केली.”

खरं बोलायची हौस काहींना घरच्यांवरच भागवायची असते. तरी चित्र तानाबाईला आवडलं होतं. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा एकटीचा असा फोटो कधी निघालाच नव्हता.

दहा प्रती निघाल्या. दहाही पुण्याला जायच्या होत्या.

“मले एक काढ,” तानाबाई म्हणाली. “अमडापूरले भावाले दाखवाची हाये.”

“दहा म्हंजे दहाच, माय. अकरावी काढत नसतात.”

कॉलेजातली रीत तशी होती. ठरलेल्या प्रती निघाल्या की ठशावर काट मारायची, म्हणजे तो पुन्हा कोणाला छापता येऊ नये. स्टुडिओ नव्हता, मशीन शेवयांचं होतं, शाई लग्नपत्रिकांची होती. रीत तेवढी हिनं जशीच्या तशी घरात आणली. मायच्या देखत कपाळापासून हनुवटीपर्यंत एक आणि कानापासून कानापर्यंत दुसरी काट ओढली. काट मारलेल्या ठशाचाही एक कागद काढायचा असतो. “फिरव,” ती म्हणाली, आणि तानाबाईनं दांडा फिरवला. रुळातून तिचंच तोंड फुली घेऊन बाहेर आलं.

“हा ठेव तुले,” मंजुश्री म्हणाली. तिला वाटलं, आपण मायला काहीतरी दिलं.

पुढे पुण्याहून फोन आला. चित्र निवडलं होतं, पण सोमवारपर्यंत आणखी एक नवं पाठवलं तरच प्रदर्शनात भिंत मिळणार होती. मंजुश्रीनं घाईनं नवा ठसा कोरला, शाई लावली आणि हाक मारली. तानाबाई लसूण सोलत होती.

“माय, दांडा धर ना.”

“मी नाई धरत.”

“काऊन?”

“माया हातानं माया तोंडावर फुली काढून घेतली मी. आता पुरे.”

मंजुश्रीनं समजावलं, कॉलेजातली रीत सांगितली, शेवटी रडलीसुद्धा. मग शेजारच्या सोजराबाईकडे गेली. जित्या मायच्या तोंडावर फुली मारल्याची गोष्ट तिथे आधीच पोचली होती. सोजराबाईनं दार लोटून घेतलं.

शेवटी एका हातानं दांडा आणि एका हातानं ठसा धरून ती एकटीच लागली. कागद तिरपा गेला, शाई फिसकटली. पुढचा कागद रुळात गुंडाळला जाऊन फाटला. चांगला कागद संपला तेव्हा ती तिथेच जमिनीवर बसली. मायचा खांदा रोज काय करत होता, ते तिला आता कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

लसूण केव्हाच सोलून झाला होता. तानाबाई उठली मात्र नव्हती. तिनं सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

“झालं?” तिनं विचारलं. “मंग मशीन साबणानं धुऊन ठेव. उद्या गल्लीतल्या सारिकाच्या शेवया हायेत.”